दहाचा सॉकेट

वागळे इस्टेटच्या मागच्या गल्लीत
डावीकडे खोक्यांचा कारखाना,
उजवीकडे मोइद्दीनभाईंची पावडर कोटिंगची भट्टी,
मधल्या गाळ्यात टिपणीसांचं विमान.
पंख अजून भिंतीला टेकून,
लग्नघरातल्या जादा गाद्यांसारखे.

इंजिन चेन ब्लॉकला लटकत होतं
तेव्हा मला बोलावलं. मी आयटीआयची, टर्नर,
आणि माझा हात बारीक.
"मागच्या बोल्टपाशी," ते म्हणाले, "माझी बोटं मावत नाहीत."

चार बोल्ट. तीन सरळ गेले.
चौथा केसभर हुकत होता.
मी लेथवर एक निमुळती पिन काढून आणली.
आधी ती घालायची, तिच्या पाठोपाठ बोल्ट,
लाजऱ्या पोराला शाळेत सोडताना
थोरल्या बहिणीला पुढे करतात, तसं.

तार पिळायची त्यांनी शिकवली.
दोन पदर, आणि ओढ अशा दिशेची
की नट सैल व्हायला निघाला
तर तारेनं त्याला आवळतंच न्यावं.
"उलटी बांधलीस तरी दिसते तेवढीच सुंदर,"
म्हणाले, आणि माझी पहिली तार कापून टाकली.
दुसरीही.

टॉर्क पाना कुणाला देत नसत.
काम झालं की स्प्रिंग ढिली करून
स्वतः पेटीत निजवायचे.
"ताणून ठेवलेलं हत्यार खोटं बोलायला लागतं."

भिंतीवर प्लायवुडची फळी,
तिच्यावर प्रत्येक हत्याराची पांढरी बाह्यरेषा.
फीलर गेज, तारेची पक्कड,
मॅग्नेटो जुळवताना किणकिणणारा डबा,
मी वाकवून घासलेला चौदाचा पाना,
जो जगात एकाच नटाला लागतो.
एक्केचाळीस जागा.
संध्याकाळी मोजायचं, मगच कुलूप.

बुधवारी चाळीसच भरल्या.

दहाचा सॉकेट. करंगळीच्या पेराएवढा.
दुसऱ्या दिवशी इंजिन चालवून बघायचं होतं,
शेपटीला दोरखंड बांधून झाला होता,
मोइद्दीनभाईंनी आग विझवायचं लाल नळकांडं आणून ठेवलं होतं.
टिपणीसांनी बॅटरीची तार काढून टाकली.

आम्ही सगळं उघडलं. पत्रे, नळ्या, एअर बॉक्स.
काठीला चुंबक, काडीला आरसा,
कॅमेऱ्याची बारीक नळी सिलिंडरच्या पोटात.
मिळालं काय, तर कुणा आधीच्या मालकाचा वॉशर
आणि एक पाल, जिवंत.
नवा सॉकेट साठ रुपयांना मिळतो.
मी आणला. त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकला,
रेषेत ठेवला नाही.
"जागा भरेल गं. पण तो गेला कुठे?"

एकोणीस दिवस.

मग नौपाड्यातला इस्त्रीवाला गावाहून परतला
आणि कपड्यांच्या गठ्ठ्यावर एक पुडी ठेवून गेला.
वर्तमानपत्राच्या कपट्यात सॉकेट,
सोबत निरोप: साहेबांच्या पँटीपायी
माझ्या इस्त्रीला ओरखडा पडलाय.

टिपणीस हसले नाहीत.
आधी जाऊन इस्त्रीचं नुकसान भरून आले.
मग सॉकेट रेषेत बसवला, दोन पावलं मागे सरले,
बोट धरून मोठ्यानं मोजलं, एकपासून.
मग माझ्याकडून मोजून घेतलं.

"एक्केचाळीस," मी म्हटलं.
"आणि तुझा हात?
तो आत राहिला नाही ना?"

मी दोन्ही हात वर करून दाखवले.