वगळून

मी फक्त उतरवून घेते.
शाळेच्या जिमखान्यात, बास्केटबॉलच्या रिंगखाली
लांब टेबल, तीन आयुक्त, पाण्याच्या बाटल्या,
आणि कोपऱ्यात तीन पायांवर माझं लघुलिपीचं यंत्र.
बोललेलं उतरतं. न बोललेलं उतरत नाही.
हा नियम मी केलेला नाही.

आधी वीज कंपनीचा माणूस. राखाडी सूट, कमावलेला आवाज.
नवी उपकेंद्रं, स्वतःहून जुळणारे स्विच,
पाच वर्षांत बारा कोटी डॉलर.
त्यावर किती टक्के परतावा, ते तो बोलला नाही.
आयोगाच्या हिशेबनीस मुलीनं, थिया व्हॅनडायकनं,
वदवून घेतलं, वही न उघडता.

आणि झाडं छाटायला?
तो नुसता खर्च आहे.
म्हणजे परतावा नाही?
नाही.
गेल्या वर्षी चाळीस लाख मंजूर केले होते आम्ही. छाटणीला किती लागले?

(इथे तो खूप वेळ गप्प होता.
लेखी नोंदीत प्रश्नाला लागूनच उत्तर आहे.)

सव्वीस.
उरलेले चौदा?
अन्य कामांकडे वळवले.

मग आकडा पडद्यावर आला:
ग्राहकामागे वर्षाला एकशे बेचाळीस मिनिटं अंधार.
मोठी वादळं वगळून.
पाच मिनिटांहून कमी खंड वगळून.
सकाळपासून हा शब्द इतक्यांदा आला
की मी त्याला एकच कळ नेमून टाकली.
बोट ठेवलं की वगळून.

आयली कोस्केला, वय एक्क्याऐंशी.
सरोवराकडे जाणाऱ्या रस्त्यावर तार जिथे संपते
तिथल्या सात घरांपैकी सहावं.
तिनं पशुखाद्याच्या दुकानाचं कॅलेंडर आणलं होतं,
पेन्सिलीच्या रेघांनी काळवंडलेलं.
नवऱ्याचं प्राणवायूचं यंत्र, ती म्हणाली,
वीज गेली की ओरडतं,
आली की मुकाट बसून राहतं, कुणीतरी बटण दाबेपर्यंत.
तीन मिनिटं. चार मिनिटं. एकदा फक्त डोळा लवला तेवढं.
कंपनीच्या वकिलानं अदबीनं विचारलं, एकूण मिनिटं किती, बाई?
मिनिटं नाही मोजली.
मी दोनशे अकरा वेळा उठले.

कंपनीच्या नोंदीत तिच्या घरासमोर शून्य होतं.
खोटं नव्हतं ते. नियमाप्रमाणे होतं.

मागच्या बाकावरून एक तारवाला उठला,
रजेवर होता, टोपी हातात.
तिथली स्प्रूसची झाडं मला तोंडपाठ आहेत, म्हणाला.
दर वेळी पडलेली फांदी उचलतो, झाडाला हात लावत नाही.
फांदी दुरुस्तीच्या खात्यात जाते,
झाड दुसऱ्या खात्यात, आणि त्या खात्यात पैसे नसतात.
नाव सांगा, अध्यक्षबाई म्हणाल्या.
तो खाली बसला.
नोंद: अज्ञात वक्ता.

आठ महिन्यांनी आदेश आला, दोनशे बारा पानी.
छाटणीचा पैसा वेगळ्या खात्यात, तिथून दुसरीकडे वळवायचा नाही,
उरला तर ग्राहकांना व्याजासकट परत.
सरासरीआड लपायचं नाही, प्रत्येक वाहिनीचा हिशेब निराळा.
क्षणभराचा खंडही मोजायचा.
आणि अठ्ठ्याऐंशीव्या पानावर, तळटिपेत, बारीक अक्षरात:
पुरावा क्रमांक चौसष्ट, एक कॅलेंडर.

ऑक्टोबरात मी तिकडे गेले. काम काही नव्हतं.
रस्त्याच्या एका अंगाला ओले बुंधे, डिंकाचा वास,
वर तार एकटी, आभाळावर ओढलेली.
आयलीनं कॉफी केली. आत यंत्र घरघरत होतं.
वीज राहते हल्ली, ती म्हणाली,
पण ती झाडं वारा अडवायची.
आता वारा थेट चुलीशी येऊन बसतो.
हेही लिहा.
मी म्हटलं, यंत्र घरी ठेवून आलेय.

दिवा लुकलुकला.
ती खुर्चीतून अर्धी उठली,
कान आतल्या खोलीकडे.
घरघर चालूच होती.
तरी ती थोडा वेळ तशीच, अर्धी उभी.