भागिले साठ

इनासच्या वहीत सगळं साठ माणसांचं.
बीफ तीस किलो, गाजरं बारा,
काळी बियर चाळीस बाटल्या,
आणि खाली त्याचं तिरपं अक्षर:
‘फिंटनने सांगितलं तसंच. विनेगर नाही.’
‘नाही’च्या खाली दोन रेघा.

कुडतरीच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं मी.
साठाने भागायला पाटी लागत नाही.
अर्धा किलो. कासीमने नळीकडचं दिलं,
म्हणाला, बाई, हे अख्खी दुपार खाईल.
खाऊ दे.
दुपारींचं मी करते तरी काय?

बियर मडगावला, तिसऱ्या दुकानात.
पोऱ्याने बाटलीवरची धूळ शर्टाला पुसली.
दोन तृतीयांश बुडकुल्यात.
उरलेली तृतीयांश
मी ओट्याशी उभ्याउभ्याच प्यायले.
कडू, करपल्या पोळीसारखी. वाईट नव्हती.

मांसाला पीठ चोळून तांबूस परतलं,
कांदा घातला, गाजर घातलं, मग ते काळं पाणी,
तर खिडकीत मांजर येऊन बसलं ते हलेना.
थाईम कुठून आणू? परसातली ओव्याची चार पानं खुडली.
फिंटन, माफ कर,
असशील तिथून. तुझा पत्ता वहीत नाही.

मीठ मात्र अडलं.
‘चार मुठी’ लिहिलंय.
त्याच्या मुठी.
लग्नात अंगठी साबण लावून चढवली होती,
अर्ध्यावर अडकली, पाद्री खोकला.
त्या मुठीचा साठावा भाग
कुठल्या वर्गात शिकवतात?
चिमटी टाकली. चाखलं. अजून चिमटी.

वर्षाला दहा महिने साठजणांना वाढायचा.
घरी आला की चुलीकडे फिरकायचा नाही,
रजा आहे म्हणायचा,
आणि माझ्या हातची आमटी ओरपायचा.
कुठल्या कुठल्या बोटीवरच्या ग्रीझरने, वेल्डरने
हे खाल्लं असेल, बाहेर बर्फ पडत असताना.
मी नाही.

वेळेपुढे लिहिलंय: ‘दोन सिगरेटी आणि एक झोप.’
मी तीन तास धरले.
पंखा पाचवर, पाठीला पदर चिकटलेला,
मांस सुटून दोऱ्या-दोऱ्या झालं,
रस्सा इंजिनातल्या तेलासारखा दाट.
पोदेराचा हॉर्न वाजला. दोन पाव घेतले,
मग म्हटलं, चार दे.

घास घेतला.
चांगलं आहे. खरंच चांगलं आहे.
पण काहीतरी राहिलंय,
आणि हात आपोआप फडताळाकडे गेला.
दोन रेघा दिसल्या मला. दिसल्या, इनास.

अर्धा चमचा घातलं विनेगर.
आता ये, भांड.