मागचा पडदा

सुरुवातीला फक्त शनिवार होता.
शनिवारी सकाळी अर्धा तास, स्वीडनमधल्या पोरांसाठी,
आणि त्या अर्ध्या तासातली झाडं माझी.
नागपूरचे भोजर सर म्हणाले, नवं चॅनल आहे,
टिकलं तर टिकलं.
मी नवरगावात एका इन्व्हर्टरवर
बर्फ रंगवायला बसले.
बाहेर सेहेचाळीस डिग्री,
कूलरमध्ये वाळ्याऐवजी धानाची तणस.

बर्फ पांढरा नसतो हे मला ईमेलमधून कळलं.
सिग्रिडबाई लिहायच्या: सावलीत निळा घाला,
दिवस कलताना थोडा गुलाबी,
आणि जूनमधली रात्र काळी करू नका,
जूनमध्ये आमच्याकडे रात्र होत नाही.
बाबा मागे उभे, दात कोरत.
"रात्र मंतेस अना उजेड?
आमच्या नाटकात असं केलं असतं तं
पब्लिकनं पडदा फाडला असता."

बाबा म्हणजे दुधराम पेंटर.
वडशापासून मूलपर्यंत, झाडीपट्टीच्या मंडपांत
तीस वर्षं राजवाडा त्यांचा, जंगल त्यांचं,
आणि नायक घर सोडतो तो रस्ताही त्यांचाच.
आता मंडळं फ्लेक्स छापून आणतात.
डिंकाची पातेली कोठ्यात उपडी पडलीत,
त्यांच्यावर कोंबडी बसते.

चॅनल वाढलं.
आकडे मला कोणी सांगितले नाहीत,
मी बॅटऱ्यांवरून ओळखलं.
नॉर्वे आलं तेव्हा दुसरी बॅटरी घेतली.
डेन्मार्कला मोहुर्ल्यांची शालू कामावर आली,
तिच्याकडे ढग दिले.
फिनलंड आलं नि सगळी तोंडं पुन्हा करावी लागली,
शब्द इतके लांब
की ओठ पुरेनात.
मग शनिवारचं रोज झालं, रोजचं दिवसभर.
हिवाळ्यात तिकडे दुपारी तीनला अंधारतं,
पोरं घरात येऊन टीव्हीपुढे बसतात;
आमच्याकडे तेव्हा साडेसात,
लाइन जायची वेळ.

भावाचा वेदू विचारतो,
आत्या, आपल्या टीव्हीवर कोणत्या नंबरला?
कोणत्याच नाही रे.
तरी तो एकेक नंबर दाबत जातो,
नऊशे नव्व्याण्णवपर्यंत.

मालिकेत एक मुलगी आहे आणि तिचा एल्क.
एल्क म्हणजे सांबरच समजा,
फक्त शिंगं पळसाच्या पानासारखी पसरट.
एका रात्री बाबांनी स्क्रीनवर बोट टेकवलं:
"पोरगी जाते कुठं? वाट तं खडकात घुसली."
मी चिडले. मग पाहिलं.
घुसलीच होती.
वळवली, टेकडीला वळसा घालून
पलीकडे नेऊन सोडली.
महिन्याभराने सिग्रिडबाईंचं पत्र:
एक्केचाळिसाव्या भागातली वाट फार आवडली,
मुलं लिहून विचारतात, ती कुठे जाते?
मी बाबांना वाचून दाखवलं.
"सांग, सिंदेवाहीले,"
म्हणाले, आणि टॉवेल घेऊन आंघोळीला गेले.

मी अजून उत्तर दिलेलं नाही.

दिवाळीनंतर एका लहानशा मंडळाला
फ्लेक्स परवडेना.
चार रात्री आमच्या अंगणात कापड पसरलेलं,
कंदिलाभोवती किडे,
आणि मला तिकडे फिरकू दिलं नाही.

नाटक शंकरपटाच्या रात्री.
दुसऱ्या अंकात जंगल खाली उतरलं.
साग, मोह, बांबूचं रांजी,
ओल्या रंगाचा वास तिसऱ्या रांगेपर्यंत.
आणि बांबूंच्या मागे, अर्धा,
पळसपानांची शिंगं घेतलेला
तो.

नायिका रडत होती,
आख्खा मंडप तिच्यासोबत.
पुढे पोत्यावर बसलेलं एक पोरगं तेवढं
तिच्या खांद्यावरून वर बोट दाखवत
आईला हलवत होतं:
"थो का हाय वं? थो का हाय?"

आई म्हणाली, गप.