तीनशे वीस लिटर

नोंदवहीत लिहिलंय: गस्त, दाभोळ ते बाणकोट.
समुद्र शांत. दृश्यता चांगली.
संशयास्पद काही नाही.
अक्षर माझं आहे.

समुद्र शांत होता, एवढं खरं.
साहेबांचे मेहुणे पुढच्या डेकवर उभे राहून
पुण्याच्या कुणा बिल्डरला बोटानं दाखवत होते
कुठली टेकडी घ्यायची, कुठली घेतलीच.
"रेडीज, जरा किनाऱ्यालगत घे,
सुरूचं बन दिसू दे यांना."
मी घेतली. खडक मला पाठ होते,
लहानपणी तिथंच कालवं फोडली होती.

डॉल्फिन वर आले तेव्हा वहिनींनी टाळ्या वाजवल्या.
मलाही बरं वाटलं.
हे कुणाला सांगितलेलं नाही.

रात्री एक दहाला सोळा नंबरच्या चॅनलवर
'गुलबहार'चा तांडेल, इस्माईल बुरोंडकर:
इंजिनात पाणी. पाच माणसं. नांगर धरत नाही.
वारा फिरला होता. धक्क्यावरचे दिवे हलत होते.

टाकीत मोजकाठी सोडली. वर आली
चार बोटं ओली.
प्रधान नाविक बेहेरा काही बोलला नाही,
काठी पुसून त्यानं जागेवर ठेवली,
देवघरातली घंटा वाजू नये म्हणून
लोलक धरून ठेवतात तशी.

साहेबांना फोन लावला.
ते म्हणाले, कागदावर तर भरपूर आहे.
मी म्हणालो, होय सर, कागदावर आहे.
ते म्हणाले, मग?

मग काय.
जेटीवर माणसं जमली होती. बुरोंडकराचा चुलता
निळे कॅन ओढत आला, एकामागून एक, सहा.
"घ्या सायबानू. सबसिडीचा हाय,
पन जळतो."

सरकारी बोट अशी निघाली.
याला वहीत रकाना नाही.

उजाडताना चौघे सापडले, एका फळीला,
कमरेला कमर दोरीनं बांधलेले.
पाचवा फास रिकामा होता.
गाठ सुटली नव्हती, मी स्वतः तपासली.
आतला पोरगाच बारीक होता,
बोटीवर भात शिजवायचा. पंधराचाही नसेल.

चौघांचे प्राण वाचवल्याबद्दल साहेबांना प्रशस्तिपत्र मिळालं.
ते द्यायला मुंबईहून मोठे साहेब आले,
जाताना त्यांच्या गाडीत पापलेट बर्फात रचून द्यायला
माझी नेमणूक झाली. मी नीट रचली.
डोकी एका बाजूला.

चौकशीही झाली, वीस मिनिटं.
आदल्या संध्याकाळी साहेबांनी खांद्यावर हात ठेवला,
"तुझा वार्षिक अहवाल माझ्याकडूनच जातो, रेडीज."
हात ऊबदार होता.
अशा माणसाचे हात गार असतील
असं उगाच वाटायचं मला.

इंधन पुरेसं होतं?
नोंदीप्रमाणे, होय सर.

माझे वडील पलटणीत हवालदार होते.
सुट्टीवर आले की बूट उंबऱ्याबाहेर काढून म्हणायचे,
वरच्याच्या छत्रीतून गळलेलं पाणी
खालच्यानं घाम म्हणून पुसायचं.
आम्ही हसायचो. तेही हसायचे, जरा उशिरानं.

आता पगार झाला की दोन कॅन भरून
बुरोंडकरांच्या पडवीत ठेवून येतो.
सहा केव्हाच फिटले. म्हातारा नको म्हणत नाही,
घ्या बसा म्हणत नाही,
कॅन हलवून बघतो फक्त, भरलाय का.

पोराची आई तिथंच असते, बांगडे निवडत.
तिला किती ठाऊक आहे, मला ठाऊक नाही.
एकदा तिनं मान वर करून पाहिलं,
आणि मी, काही सुचेना म्हणून,
डोक्यावर सरळच असलेली टोपी
पुन्हा सरळ केली.