पिस्टन रिंगच्या खोक्यावरचा हिशेब

दुपारी शटर अर्धं ओढून बसलो.
शालनताई समोरच्या स्टुलावर,
पदराच्या टोकात प्रवेशाचा कागद.
"मेस्त्री, तुम्हीच सांगा,
पोराला औंधच्या आयटीआयत घालू
का तुमच्याकडंच राहू दे?"

लिहायला काही नव्हतं.
पिस्टन रिंगचं खोकं फाडलं, कानामागची पेन्सिल काढली.

फी सरकारी, फार नाही.
खाकी ड्रेसचे दोन जोड, जाड तळाचे बूट.
गंज पेठ ते औंध बसचा पास, चोवीस महिने.
पान्यांचा सेट स्वतःचा हवा, आणि स्वस्तातला नको,
स्वस्त पाना नटाचे कोपरे गोल करतो,
मग नटही जातो नि गिऱ्हाईकही.
शिवाय दर शनिवारी मी त्याच्या हातावर ठेवतो ते अडीच हजार
बंद.
गुणिले एकशे चार आठवडे.

इथं शालनताईंनी डोळे मिटले.
त्या मार्केट यार्डात लसूण निवडतात,
मनातल्या मनात गोणी मोजत असाव्यात.

जमेला काय?
एक सर्टिफिकेट.
चाकणला ट्रेनी म्हणून घेतील कदाचित,
निळा शर्ट, कॅन्टीनचं जेवण,
आणि वर्ष भरायच्या आत 'उद्यापासून येऊ नका'.
हेही लिहिलं.
जरा ठळक लिहिलं.

मी शिकलो नाना पेठेत, लतीफ उस्तादांकडं. फी शून्य.
पहिली दोन वर्षं चहा आणला, रॉकेलमध्ये नटबोल्ट धुतले,
चुकलं की तेराचा पाना पाठीत.
पाचव्या वर्षी फॅन बेल्टनं डाव्या तर्जनीचं पेर नेलं.
उस्ताद म्हणाले, आता विसरणार नाहीस.
विसरलो नाही.
पण ते पेर कुठल्या रकान्यात मांडायचं
ते खोक्यावर काही सुचेना.

प्रज्योत पलीकडं जीपखाली पडून.
नुसते पाय दिसत होते,
एका स्लिपरचा अंगठा तारेनं बांधलेला.
पाना थांबला होता. ऐकत होता लेकाचा.

ताईंनी खोकं उजेडाकडं धरलं.
बराच वेळ बघत राहिल्या.
"मेस्त्री, तोट्याकडं तुम्ही दाबून लिहिलंय."

खरं होतं.
पोरगा गेला तर गिअरबॉक्सला खालून हात कोण लावणार?
मागल्या दिवाळीपासून माझा उजवा गुडघा वाकत नाही.
हा खर्च माझा,
आणि मी तो गुपचूप त्याच्या नावावर टाकत होतो.

मग जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं.
या महिन्यात तीन गाड्या परत पाठवल्या.
समोर पिवळा दिवा पेटलेला, इंजिन मात्र लोण्यासारखं.
स्क्रू ड्रायव्हर इंजिनला टेकवला, मूठ कानाला लावली.
चाळीस वर्षांचा कान आहे हा,
टॅपेट कुठला वाजतो ते रस्त्यापलीकडून सांगतो.
काही ऐकू आलं नाही.
या गाड्या कण्हत नाहीत, नंबर देतात.
तो नंबर वाचायचं यंत्र मी आणलंय, ताई,
कपाटात आहे, अगरबत्तीच्या पुड्यांमागं,
वरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही.

त्यावर त्या काही बोलल्या नाहीत.
मीही खोक्यावर काही वाढवलं नाही,
जागाच उरली नव्हती.

जीपखालून आवाज आला,
"मेस्त्री, बाराचा द्या."
बाराचा दिला.
काळा हात आत गेला, पुन्हा थोडा बाहेर आला.
"आणि औंधला सकाळी किती वाजता पोचावं लागतं?"

ताईंनी खोकं घडी करून पिशवीत टाकलं.
पेन्सिलही घेऊन गेल्या.