वाक

खारपाणपट्ट्यातलं पाणी
आधी जिभेला कळतं, मग लोखंडाला.

नळयोजनेचा बेंड सायकलच्या कॅरियरला बांधून
मी फाट्यावर जानराव मिस्त्रीकडं नेला.
दोनच वर्षांचा. बाहेरचा निळा रंगसुद्धा शाबूत,
फक्त वाकाच्या पाठीवर सुईएवढं भोक
आणि त्यातून अख्ख्या गावाच्या पाण्याची पिचकारी
आठ दिवस शाळेच्या भिंतीवर.

मिस्त्रीनं तो उन्हाकडं धरला, एक डोळा मिटून आत पाहिलं.
"पाय गा, कसा चमकते."
खरंच, वाकात गंजाचा ठिपका नव्हता.
मी म्हटलं, मग चांगलाच आहे की.
"चमकते थ्याच जागी मेला हाये तो."

हातोडीची टिचकी. सरळ भागावर ठण्ण.
वाकावर आवाज बसका,
बाजारात मडकं वाजवून परत ठेवतात तसा.

चहा येईस्तोवर त्यानं सांगितलं,
टेबलावरच्या ग्रीसमध्ये बोटानं रेघा ओढत:
"खारं पानी लोखंडाले खाते,
पन खाता खाता त्याच्याच आंगावर
गंजाची वाकय टाकते.
थ्या वाकयीखाली लोखंड निजून रायलं असतं धा वर्सं.
रेती एकटी आली असती,
त घासू घासू थेच थकली असती.
पन दोघं संगनमतानं येतात.
रेती वाकय ओढते, पानी उघड्या आंगाले चावते,
लोखंड पुन्हा पांघरते, रेती पुन्हा ओढते.
रातभर गा. मोटर चालू हाये तवरिक."

अन् वाकावरच काहून?

"सरय रस्त्यानं पानी निंगून जाते.
वयन आलं का कोनाले तरी धक्का लागतेच."

मी आत बोट घातलं.
नखाएवढे खड्डे, आकार बैलाच्या पत्रीचा,
एकामागं एक;
कुणी जनावर प्रवाहाच्या उलटं
बोअरकडं चालत गेलेलं.

नवा बेंड जाड पत्र्याचा घेतला, वाक जरा लांबट.
तीनशे सत्तर रुपये जास्तीचे,
सरपंचबाई कुरकुरल्याच.
जुना मिस्त्रीनं मागच्या ढिगावर भिरकावला.

दुसऱ्या दिवशी पावतीसाठी गेलो.
ढिगावर दव पडलं होतं.
बेंडाच्या तोंडातून पाहिलं तर आत सगळं तांबडं,
कालची चमक कुठंच नाही.
खरवडून बघावं म्हणून मी किल्ली काढली.

"राहू दे," मिस्त्री म्हणाला,
कानस चालूच, वर न पाहता,
"आता कुठी वाकय भेटली त्याले."