बावीस नंबरचं दार

आमच्या फुनिंगुरात कोणी दार वाजवत नाही.
शेजारी सरळ आत येतो, बूट काढतो,
किटली चढवतो,
मग विचारतो, आहे का कोणी घरात?
आमच्या दाराची किल्ली माझ्या जन्माआधीच
खाडीत पडली, असं बाबा सांगतात.
कोणी शोधायला गेलं नाही.

मी मात्र पगार घेते तो कुलपं लावायचा.

स्टॉकहोमच्या बाजूला कुठंशी एक मशीन.
मशीन तरी कसलं, कुणा दुसऱ्याच्या मशीनमधली
भाड्याची खोली.
तिथं आमच्या सामन माशांचा श्वास मांडला जातो:
पिंजरा सात, प्राणवायू इतका.
पिंजरा आठ, खाद्य उरलं.
काल तिचा लॉग उघडला
तर एका रात्रीत नऊ हजार चारशे थापा
बावीस नंबरच्या दारावर.
रूट आहे का? ॲडमिन? टेस्ट?
ओरॅकल नावाचं कोणी राहतं का इथं?
दमत नाहीत, चिडतही नाहीत.

बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला.
"एवढ्या लोकांना मासे हवेत?"

मासे नकोत, बाबा.
उघडं दार हवंय.
आत काय आहे ते नंतर बघतील.

संध्याकाळी किल्ल्यांची जोडी घडवली.
एक माझ्यापाशी राहणार,
दुसरी तिकडे जाणार, ती साऱ्या गावानं पाहिली तरी चालते;
तिला किल्ली म्हणतात इतकंच,
खरं तर ते कुलूपच.
माझी किल्ली आधी लॅपटॉपच वापरेना.
फार उघडी आहे म्हणे, इतरांनाही वाचता येते.
सहा शून्य शून्य. आता फक्त मला.
एका छपराखाली राहून बाबांपासून लपवलेली
ही पहिली वस्तू नव्हे,
पण सर्वांत लहान.

मग पासवर्ड बंद. रूट बंद.
आत यायचं तर फक्त तोर्शाव्हनच्या कचेरीतून.
एंटर दाबलं,
आणि तेव्हा आठवलं
मी कचेरीत नाही.

जुनी खिडकी उघडी ठेवली होती, नाही असं नाही.
नवं कुलूप लागतंय का पाहिल्याशिवाय
जुनी खिडकी मिटू नये, हे मीच नवख्यांना शिकवते.
पण डोंगरावरून वारा उतरला,
घरातला राउटर दोनदा लुकलुकला,
आणि खिडकी गोठली, वाक्य अर्धं ठेवून.

रात्री अकरा वाजता बाउर्दुर कचेरीत पोचला,
पायजम्यावर रेनकोट.
त्याची किल्ली परवाच मी आत ठेवली होती,
तो स्वतः तिथं कधी गेला नव्हता.
"हे विचारतंय, या यंत्राची ओळख पटत नाही,
तरी पुढे जायचं का. हो म्हणू?"
सगळे हो म्हणतात. मीही म्हणत आले.
"थांब," म्हटलं, "ठसा वाच."
वहीत उतरवून घेतला होता मी, भरती-ओहोटीच्या पानामागं.

मोठा क्यू. छोटा टी. सात. अधिक. मोठा एक्स.
बाबांनी रेडिओ बारीक केला.
बावीस वर्षं ट्रॉलरवर वायरलेस सांभाळलेला माणूस,
त्याला अक्षरं काय आहेत याचं सोयरसुतक नव्हतं.
वाचून झालं तेव्हा एवढंच म्हणाले,
"पुन्हा वाचायला सांग.
पहिल्यांदा माणूस ऐकायचं असतं तेच ऐकतो."

पुन्हा. एकतिसाव्या अक्षराला तो म्हणाला, एक.
माझ्या वहीत एल.
तिकडे शांतता. इकडे वारा.
पिंजरा सात, प्राणवायू किती, कुणाला ठाऊक.
बाबा फोनकडे वाकले:
"खाली पाय आहे का त्याला?"
"कुणाला?"
"त्या एकाला."
बाउर्दुर बराच वेळ पडद्याला नाक लावून असावा.
"नाही. पाय नाही. नुसतीच काठी."
"मग एल," बाबा म्हणाले, आणि झोपायला गेले.

आता हो म्हण.

लॉगमध्ये एक ओळ उमटली: स्वीकारलं.
तिच्या वर, तिच्या खाली, थापा चालूच.

सकाळी सुन्नेवा रुबार्बचा मुरंबा घेऊन आत आली,
नेहमीसारखी, न वाजवता.
मी पाठमोरी होते.
तोंडून निघून गेलं, कोण?

या घरात हा शब्द कुणी उच्चारला नव्हता.
एक बूट काढून झालेला,
दुसरा पायात,
ती तशीच उभी राहिली,
काय उत्तर द्यायचं असतं ते आठवत.